परतीची वाट शाबूत ठेवा

गेल्या महिन्यात मी एक चांगलं काम करायला गेलो आणि घरातल्या एका लिहित्या माणसाला अकरा दिवस गप्प बसवलं. त्याची ही कबुली आहे. कबुली देताना एक मतही मांडायचं आहे, कारण ही गोष्ट माझ्या एकट्याच्या घरात घडत असेल असं वाटत नाही.

खांदा कॉलनीतल्या आमच्या घरी खिडकीपाशी एक जुना संगणक आहे. तो अब्बांचा. अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर बरेच लोक नातवंडं आणि औषधं यांच्यात रमतात. अब्बांनी आठवणी लिहायला घेतल्या. रोज पहाटे फज्रनंतर चहाचा कप घेऊन ते टेबलाशी बसतात आणि खांदेश्वरहून सुटणाऱ्या गाड्यांची गर्दी वाढेपर्यंत टंकत राहतात. तरुणपणी त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. बोटांना टाइपरायटरची पाटी पाठ आहे. डोळे आता कमी काम करतात, पण बोटांना डोळ्यांची गरज नाही.

त्यांचा टंकनाचा कार्यक्रम फार जुना. सोबत जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट. संगणकाची प्रणालीही जुनी, आणि अलीकडे ती रखडत चालली होती. मी रोज म्हणायचो, "अब्बा, आता बदलू या." ते म्हणायचे, "चालतंय की रे." मला वाटायचं, वयाचा हट्ट आहे. एक दिवस ते तपासणीसाठी दवाखान्यात गेले असताना मी ओळखीच्या मुलाला बोलावलं. त्याने जुनी हार्ड डिस्क काढून नवीन एसएसडी बसवली, तिच्यावर नवी प्रणाली टाकली, अब्बांच्या सगळ्या फाइली तिच्यात घेतल्या. दोन तासांत संगणक चकाचक. वीस सेकंदांत सुरू होऊ लागला. अब्बांना सुखद धक्का द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, अर्धविराम यांची नुसती खिचडी. अडीचशेहून जास्त पानं, आणि एकही शब्द वाचता येईना. ते ओरडले नाहीत. मला उठवून एवढंच म्हणाले, "अरे, माझं लिहिलेलं कुठे गेलं बघ."

कोणत्या कंपनीची प्रणाली, कोणाचा फॉन्ट, हे मुद्दाम सांगत नाही. दोष त्यांचा नव्हता. घाई माझी होती.

झालं काय, ते आधी समजून घेऊ. मराठीत डीटीपी सुरू झालं तेव्हा संगणकाला देवनागरी कळतच नव्हती. म्हणून एक युक्ती काढली गेली. संगणकाच्या लेखी आपण इंग्रजी अक्षरंच टंकतो, फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेला फॉन्ट असतो. डोळ्यांना 'क' दिसतो, फाइलमध्ये मात्र कुठलं तरी रोमन अक्षर साठवलेलं असतं. फॉन्ट काढून घेतला की सोंग गळून पडतं. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात वाचता येत नाही.

युनिकोडने हा घोळ मिटवला. तिथे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, फॉन्ट कोणताही असो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. पण सामान्य घरातल्या संगणकात ती पोचायला विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं. तेव्हा सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. मराठी कवी आणि सुलेखनकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. म्हणजे २००० सालाआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मराठीत जे संगणकावर लिहिलं गेलं, ते बहुतेक या सोंगाच्या फॉन्टांतच पडून आहे. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, पुस्तकांच्या मूळ फाइली, सगळंच. पनवेलमध्ये आजही असे डीटीपीवाले सापडतील, जे एक जुना संगणक पेजमेकरसाठी जपून ठेवतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ सालची. उर्दूवाल्यांची तऱ्हा वेगळी नाही. नस्तालीकमध्ये निकाहाची पत्रिका करणाऱ्या कित्येकांचा जीव अजून इनपेजच्या जुन्या फाइलींत अडकलेला असतो.

या लोकांना आपण मागासलेले म्हणतो. खरं तर ते आपल्या भाषेची कुलपं उघडणाऱ्या शेवटच्या किल्ल्या सांभाळून बसलेत.

तर पुन्हा घरी येऊ. फॉन्ट शोधून टाकला, तेव्हा पानं वाचता येऊ लागली. पण टंकनाचा कार्यक्रम काही केल्या चालेना. तो सोळा बिटांच्या जमान्यातला, आणि आजच्या चौसष्ट बिटांच्या प्रणालीत तसले कार्यक्रम उघडतच नाहीत. मी म्हटलं, "अब्बा, युनिकोडमध्ये लिहा, इनस्क्रिप्ट शिका, सोपं आहे." ते दोन दिवस प्रामाणिकपणे बसले. बोटं सवयीच्या जागी जात आणि पडद्यावर भलतंच उमटे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हा 'ल' आपला नाही रे. हा हिंदीतला आहे." खरंच होतं. समोर मंगल होता, आणि त्यातला 'ल' हिंदी वळणाचा. मला तो फरक आयुष्यात कधी खटकला नव्हता. चाळीस वर्षं फळ्यावर मुलांना 'ल' गिरवून दाखवलेल्या माणसाला तो खटकला.

त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं. पहाटे उठून गॅलरीत बसू लागले. अम्मी मला एकदाच म्हणाली, "तू संगणक नीट केलास, पण ते बिघडलेत."

अकराव्या दिवशी मी जुनी हार्ड डिस्क परत जोडली. ती फेकली नव्हती, कपाटाच्या खणात पडून होती. ही माझी हुशारी नव्हे, नशीब. संगणक पुन्हा पूर्वीसारखा रखडत सुरू झाला. अब्बांनी एक ओळ टंकली, चष्मा पुसला आणि पुढची ओळ टंकायला घेतली.

आता माझं मत. नव्यावरून जुन्यावर परत जाणं ही हार नाही. जगभर शहाण्या लोकांनी ते केलंय. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा कार्यालयंच्या कार्यालयं एक्सपीवर परतली. व्हिस्टाच्या काही आवृत्त्यांच्या परवान्यात तसा अधिकारही दिलेला होता. एक्सपीची विक्री थांबवू नका म्हणून निघालेल्या अर्जावर दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. शेवटी २००९ मध्ये विंडोज ७ आली तेव्हा लोक पुढे सरकले. लोकांना नवं नको होतं असं नाही. काम अडवणारं नवं नको होतं.

पण इथेच थांबलो तर हा लेख अर्धसत्य होईल. "जुनं ते सोनं" म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. जुन्यात राहण्याची किंमत काय असते, हे आपल्या रायगड जिल्ह्यानेच पाहिलंय.

२७ जून २०१७. उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम संगणकाच्या हल्ल्याने ठप्प झालं. नॉटपेट्या नावाचा तो हल्ला. तो पसरला त्यातली एक वाट विंडोजमधलं जुनं भोक होतं, आणि ते बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती वेळेवर घातली नाही, त्यांची दारं उघडी राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्रायने हेच भोक वापरलं होतं. तेव्हा तर मायक्रोसॉफ्टला २०१४ मध्येच आधार बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली.

गंमत पुढे आहे. नॉटपेट्या मुळात शिरला कुठून? युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्यांनी आज्ञाधारकपणे अपडेट घेतलं, त्यांच्याच घरात चोर शिरला. मर्स्कला दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याची किल्ली म्हणावी अशा माहितीची एकच प्रत वाचली होती, घानामधल्या एका कार्यालयात. का वाचली? हल्ल्याच्या आधी तिथे वीज गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यातून बाहेर होता.

यातून मला दोन गोष्टी कळतात. नवं म्हणजे आपोआप सुरक्षित नाही आणि जुनं म्हणजे आपोआप विश्वासाचं नाही. माणसाला वाचवते ती बाजूला ठेवलेली प्रत. मर्स्कची प्रत वीज गेल्यामुळे वाचली, माझी खणात राहिल्यामुळे. दोन्हीकडे योगायोग. शहाण्या माणसाने योगायोगावर घर चालवू नये.

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक मुदतवाढ आहे, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक तिच्या दारातच अडतात. तेव्हा हा प्रश्न येत्या वर्षात अनेक मराठी घरांत, शाळांत, वाचनालयांत येणार आहे. जिथे जुन्या फॉन्टांतल्या फाइली आहेत, तिथे तर नक्कीच.

म्हणून आम्ही घरी जे केलं ते सांगतो. अब्बांची जुनी प्रणाली ठेवली, पण तिची इंटरनेटची तार कायमची काढली. ती आता फक्त लिहिण्यासाठी. सगळ्या फाइलींच्या दोन प्रती केल्या, एक घरात, एक बहिणीकडे. मेल, बँक, फोटो यांच्यासाठी नवी प्रणाली माझ्या लॅपटॉपवर. थेट नव्यावर जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की विंडोज ११ मागच्या आवृत्तीवर परतायला साधारणपणे दहाच दिवस देते, तेही जुन्यावरच अपग्रेड केलं असेल तर. आमच्यासारखी कोरी डिस्क बसवली तर तेवढेही नाहीत.

आणि चौथं काम, सगळ्यात महत्त्वाचं. दर रविवारी अब्बांची काही पानं युनिकोडमध्ये आणतो. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती डोळे मिटून वापरता येत नाहीत. रफार एक अक्षर सरकतो, जोडाक्षर तुटतं, 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' हमखास फसतो. म्हणून मी लॅपटॉपवर मोठ्याने वाचतो आणि अब्बा त्यांच्या पडद्याकडे न बघता, नुसतं ऐकून चूक पकडतात.

आता खरी कबुली. हे करेपर्यंत अब्बांनी काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं. संगणक वीस सेकंदांत सुरू व्हावा याची मला केवढी घाई, आणि त्यात काय आहे ते बघायला मला इतक्या वर्षांत वेळ नव्हता. मागच्या रविवारी एकोणचाळिसाव्या पानावर दादांनी मचवा विकला तो दिवस आला. दादा म्हणजे माझे आजोबा. त्या पैशांतून अब्बांची शिक्षक होण्याची फी भरली गेली, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी वाचता वाचता थांबलो. अब्बांना वाटलं, रूपांतर फसलं. म्हणाले, "काय झालं, रफार सरकला?"

मी बदलाच्या बाजूचा माणूस आहे आणि राहीन. अब्बांचं लिखाण युनिकोडमध्ये आलंच पाहिजे, नाहीतर ते त्या हार्ड डिस्कबरोबर मरेल. पण ज्याच्यासाठी बदल करायचा त्याला विचारून, त्याचं हातातलं काम न मोडता आणि मागे फिरायची वाट शाबूत ठेवून. तो दवाखान्यात गेलेला असताना नाही.

तुमच्या घरातही एखादा जुना संगणक रखडत असेल. बदला जरूर. पण त्याआधी एकदा त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाशेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "तुम्ही यात काय लिहिलंय?"

आमची अजून दोनशेवर पानं बाकी आहेत. येत्या रविवारी चाळिसावं.