घरच्या घरी इंजिन रंगविताना

या सदरात आपण बहुधा ठेवी, विमा, वारसनोंद अशा कागदोपत्री विषयांचा परामर्श घेतो. या वेळचा विषय तेलकट हातांचा आहे. परंतु जोखमीचा हिशेब तोच आहे, आणि या खेपेस चुकलेली नोंद माझ्या स्वतःच्या हातची आहे. म्हणून ती आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या सांगलीच्या घरी तीर्थरूप अण्णांची चेतक स्कूटर आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या या गाडीसाठी त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अण्णांनी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होतो आणि गाडी दाराशी आली तेव्हा महाविद्यालयात. अण्णा गेल्यावर ती जिन्याखाली उभी राहिली. गेल्या पावसाळ्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने तिचे इंजिन उतरवून नवे करावयास घेतले. यांत्रिक काम त्याने एका अनुभवी मिस्त्रींच्या देखरेखीखाली केले. रंगकाम मात्र घरीच करायचे ठरले, कारण ते सर्वांना किरकोळ वाटले.

आमच्या दुकानावरच घर आहे. मागच्या बाजूस काचेच्या खिडक्यांची गॅलरी असून तिच्या खाली दुकानाचे बारदान रचलेले असते. आषाढातील त्या सायंकाळी चिरंजीव गॅलरीत फवारणीच्या डब्याने इंजिनाचे भाग रंगवीत होते. रंगाचा उग्र दर्प बैठकीत आला, तेव्हा मी वर्तमानपत्रातून मान न उचलता म्हणालो, "अरे, ते दार लावून घे. घरभर वास सुटलाय." त्याने दार लावले. पावसाची झड येत होती म्हणून खिडक्याही ओढून घेतल्या.

सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकायची म्हणून स्वयंपाकघरात त्या वेळी घाई असते. भावजयीने कणीक मळून ठेवली होती. गॅस पेटविण्यापूर्वी तिने सहज विचारले, "दादा, इथे खालच्या बाजूला जास्तच वास येतोय, काही सांडलंय का?" त्या 'खालच्या बाजूला' या शब्दांनी मी जागचा उठलो. नोकरीच्या काळात तारण मालाची तपासणी करताना रंग-रसायनांची अनेक गोदामे मी पाहिली होती. तेथील व्यवस्थापक पहिली गोष्ट हीच सांगत, की या द्रव्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटते. ती आमच्या दाराखालच्या फटीतून स्वयंपाकघरात उतरली होती.

लायटर खाली ठेवायला सांगून मी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि खिडक्या उघडल्या. दिव्याच्या वा पंख्याच्या एकाही बटणाला कोणी हात लावू नये असे बजावले, कारण बटण दाबताना आत लहानशी ठिणगी उडते. गॅलरीचे दार उघडले तो चिरंजीव भिंतीला टेकून बसलेले. डोके गरगरत होते, उभे राहताच उलटी झाली. तोंडाला ओला रुमाल बांधला होता. डॉक्टरांनी दोन तास बसवून ठेवले आणि मग घरी सोडले. आग लागली नाही, मुलगा सुखरूप राहिला. म्हणूनच हे शांतपणे लिहिता येते.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून डब्यांवरील बारीक अक्षरे वाचली, उत्पादकांची सुरक्षा-माहितीपत्रके मागविली आणि मिस्त्रींना प्रश्न विचारले. आपल्या कुटुंबांतही जुन्या गाड्या जपणारे, पंप किंवा जनरेटरचे इंजिन घरीच उघडणारे तरुण पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी सार देतो.

प्रथम आगीचा विचार. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याला ज्वलनांक म्हणतात. केरोसीनचा ज्वलनांक ३५ अंश सेल्सिअसच्या वर असतो. थिनरमध्ये सर्रास असणाऱ्या टोल्युइनचा अवघा ४ अंश, तर पेट्रोलचा शून्याखाली सुमारे ४० अंश असतो. म्हणजे आपल्या हवामानात थिनर आणि पेट्रोल वर्षाचे बाराही महिने पेटण्यास सिद्ध असतात. त्यामुळे सुटे भाग पेट्रोलने धुण्याची आपल्याकडील सवय सर्वप्रथम सोडावी. उघड्यावर केरोसीन आणि ब्रश वापरावा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन भाग पूर्ण वाळवावेत. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला पाणी लागले की लगेच गंज धरतो, म्हणून त्याच्या आतील भागाला त्वरित तेलाचे बोट फिरवावे. थिनर केवळ शेवटच्या पुसण्यापुरता, फडक्यावर घेऊन वापरावा.

फवारणी अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवरच करावी. गॅसची शेगडी, गॅस गीझर, देव्हाऱ्यातील दिवा, उदबत्ती आणि इन्व्हर्टर यांपासून ती जागा दूर हवी. फ्रीजदेखील आपोआप चालू-बंद होतो, हे ध्यानात ठेवावे. घरातला साधा पंखा वाफ बाहेर खेचण्यासाठी लावू नये, कारण ती वाफ त्याच्या मोटारीवरूनच जाते. फवारणीच्या डब्यात दाबाखाली ज्वालाग्राही वायू असतो आणि डबा ५० अंशांपेक्षा अधिक तापू देऊ नये असे त्यावर छापलेले असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तो ठेवणे म्हणूनच धोक्याचे. जवळ कोरड्या रासायनिक पावडरीचे अग्निशामक आणि वाळूची बादली असावी. पेटत्या थिनरवर पाणी टाकल्यास आग पसरते.

रंगाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल किंवा तेलयुक्त इनॅमल लागलेल्या फडक्यांचा बोळा वाळताना आतल्या आत तापतो आणि कोणी काडी न लावताही पेटू शकतो. फडकी मोकळ्या जागी पसरून वाळवावीत, अथवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवावीत. आमची फडकी त्या दिवशी बारदानाच्या गठ्ठ्यावर पडलेली सापडली.

दुसरा विचार श्वासाचा. रुमाल, ओढणी किंवा करोनाकाळातील एन-९५ मास्क फार तर रंगाचे कण अडवितो, थिनरची वाफ अडवीत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेकरिता असलेल्या काडतुसांचा, पुढे धूळगाळणी असणारा रबरी मास्क मिळतो. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे आणि दाढी असल्यास तो बसत नाही. मास्क लावूनही वास येऊ लागला, तर काडतूस संपले किंवा मास्क सैल आहे असे समजून थांबावे. सोबत डोळ्यांवर गॉगल आणि हातांत थिनरला टिकणारे मोजे हवेत.

हार्डनर मिसळून वापरावयाच्या दोन घटकी रंगांबाबत माझे मत स्पष्ट आहे. त्यांची फवारणी घरी करू नये. त्यांच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते. त्याचा धोक्याची सूचना देणारा वास येत नाही आणि त्यामुळे जडलेला दमा कायमचा राहू शकतो. असे काम बाहेरून शुद्ध हवा पुरविणाऱ्या मास्कची सोय असलेल्या रंगशाळेतच द्यावे.

ब्रेक साफ करण्याचे काही फवारे क्लोरीनयुक्त द्रवाचे असतात. तो द्रव लागलेला भाग ज्योतीने तापविला किंवा वेल्ड केला, तर फॉस्जीन वायू निर्माण होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात माणसे मारण्यासाठी वापरला गेलेला वायू तो हाच.

तिसरी गोष्ट जुन्या थरांची. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले. यंत्रावरील जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावा आणि मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावे. जुन्या पॅकिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये व ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरण्याचा सल्ला कोणी देतो. चेतकचे हेड आणि इंजिनाचे कवच ॲल्युमिनिअमचे आहे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनिअमला खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो.

आता इंजिनाचे हित. दोन भाग जेथे एकमेकांवर बसतात ते सपाट पृष्ठ, आटे आणि बेअरिंगच्या जागा यांना रंग लागता कामा नये. तोंडे बुचांनी व मास्किंग टेपने बंद करावीत. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमिश्रित हवा कवचातूनच सिलिंडरकडे जाते. आत रंगाचा पापुद्रा सुटला तर तो थेट पिस्टनपाशी पोहोचतो. ब्लॉक व हेड यांच्या पंखांना उष्णता सहन करणारा खास रंगच द्यावा आणि तोही पातळ, कारण रंगाचा जाड थर उष्णता अडवितो. उघड्या ॲल्युमिनिअमवर रंग धरण्यासाठी त्यासाठीचा एच प्राइमर लागतो. मात्र उष्णतेचा रंग त्या प्राइमरवर चालतो की नाही, हे डब्यावर पाहून घ्यावे. पावसाळी दमट हवेत काही रंगांवर पांढरट झाक येते. आमच्या पहिल्या प्रयत्नाचे तेच झाले आणि सर्व खरवडावे लागले.

उष्णतेचा रंग भाजून पक्का करावा लागतो. त्यासाठी स्वयंपाकघरातील ओव्हन किंवा शेगडी वापरू नये. रंगातून निघणाऱ्या वाफा पेटू शकतात आणि ज्या ओव्हनमध्ये अन्न होते तेथे त्यांना स्थान नाही. इंजिन जोडून झाल्यावर डब्यावरील सूचनेप्रमाणे ते थोडे चालवून, थंड करून, पुन्हा चालवून रंग पक्का होतो. हे काम उघड्यावरच करावे. बंद पडवीत चालणारे इंजिन जो कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला रंग नाही आणि वासही नाही. उरलेले थिनर मोरीत किंवा गटारात ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात निवळू द्यावे आणि वरचे स्वच्छ थिनर पुन्हा वापरावे. तळाचा गाळ घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.

व्यापारी बंधूंना एक व्यावहारिक सूचना. विम्याचा करार परम विश्वासाच्या तत्त्वावर उभा असतो. दुकानात किंवा दुकानावरील घरात रंग, थिनर यांचा साठा ठेवत असाल, तर तो प्रस्तावात उघड केलेला असावा. हौसेखातर आणलेल्या चार डब्यांमुळे उद्या दाव्याच्या वेळी वाद उपस्थित होऊ नये.

दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत चिरंजिवांनी अंगणात दुसऱ्यांदा रंग दिला. मास्क, काडतुसे, मोजे आणि अग्निशामक यांचा खर्च रंगाच्या खर्चाहून अधिक झाला. तो मी दिला, कारण माझ्या लेखी ते देणे माझ्याकडेच निघत होते. मुलगा चुकला हे खरे, पण हवा येण्याचा एकमेव मार्ग माझ्या सांगण्यावरून बंद झाला होता. मला वासाचा त्रास दिसला, त्या वासात बसलेला मुलगा दिसला नाही. आपल्या घरी कोणी गॅलरीत असे काही करीत असेल, तर दार लावायला सांगण्यापूर्वी एकदा उठून आत डोकावावे, एवढीच वडीलधाऱ्यांना विनंती.

चेतक आता सुरू होते. अण्णांप्रमाणेच अंगणात तिला एका बाजूला कलती करून मग किक मारावी लागते.

पुढील अंकी नेहमीप्रमाणे ठेवींच्या नामनिर्देशनाकडे वळू.