उरलेल्या गोळ्या



वर्षावासात आमच्या मुळशीकडे दोन कामे जोडीने चालतात. दिवसा खाचरात भाताची लावणी आणि रात्री विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन. परवा आजारी भिक्खूचा प्रसंग वाचला गेला. ज्याची कोणी विचारपूसही करत नव्हते, त्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन आपल्या हातांनी स्वच्छ केले. ऐकणारे हेलावले. आम्ही मात्र मान खाली घालून बसलो होतो. कारण आठच दिवसांपूर्वी सेवा समजून आमच्या हातून एक चूक घडली होती.

शेजारच्या पोराला सर्दी, खोकला, ताप होता. त्याची आई लावणीला गेली नाही तर मजुरी बुडणार. आमच्या घरी मागच्या दुखण्यातल्या पाच-सहा कॅप्सूल पडून होत्या, त्या आम्ही दिल्या. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून त्या माउलीने विश्वास ठेवला. दोन दिवसांत पोराला जुलाब लागले, अंगावर पुरळ उठले. सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न आम्हालाच केला, ‘‘या तुमच्याकडे उरल्याच कशा?’’

उरल्या, कारण बरे वाटताच आम्ही त्या सोडल्या होत्या. पोर आता बरे आहे, पण तो प्रश्न मनातून जात नाही.

अँटिबायोटिक औषधे जिवाणूंना मारतात, विषाणूंना नाही. साधी सर्दी, फ्लू ही विषाणूंची दुखणी आहेत. तिथे ही गोळी वाया जाते आणि अंगातले इतर जिवाणू तिला सरावतात. खाचराची बेणणी अर्धवट केली तर चिवट तण मागे राहते आणि तेच फोफावते, तसेच हे. असे चिवट जिवाणू एका घरात राहत नाहीत, चाळीत पसरतात. मग स्वस्त गोळी चालत नाही, महागडी लागते. ती परवडायची कोणाला?

दोष केवळ रोग्याचा नाही. धारावीतल्या खाजगी डॉक्टरांची पाहणी 1991 साली प्रसिद्ध झाली. क्षयरोगासाठी 100 डॉक्टरांनी 80 वेगवेगळे औषधोपचार लिहून दिले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 106 डॉक्टरांचे 63 प्रकार निघाले, बरोबर उपचार फक्त सहा जणांनी लिहिला होता. त्याच मुंबईत पुढे औषधांना दाद न देणारा क्षय वाढला. तो भोगला वस्तीतल्या माणसांनी. म्हणून औषध घेताना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तपासल्याशिवाय काही स्वीकारू नका, हीच तर आपल्या धम्माची शिकवण आहे.

तेव्हा एवढे करू या. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. 2016 पासून सरकार या रेघेचा प्रचार करत आहे. ‘सुई द्या, जोराचे औषध द्या’ असा हट्ट धरू नये. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस गोळ्या घ्याव्यात, उरलेल्या कोणाला देऊ नयेत. पण मुलाला धाप लागत असेल, ते खात-पीत नसेल, तर घरी थांबू नये. तिथे वेळेवर मिळालेले हेच औषध जीव वाचवते.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये मिळतात. ते मागून घ्यावेत, तो आपला हक्क आहे.

आम्ही त्या माउलीची माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘भाऊ, गोळ्या नसत्या दिल्या तरी चाललं असतं. एक दिवस पोराजवळ बसायला कोणी असतं तर बरं झालं असतं.’’

लावणी अजून आठवडाभर आहे. विहारातल्या महिला मंडळाने आजारी मुलांजवळ पाळीपाळीने बसायचे ठरवले आहे. त्यात आमचीही पाळी आहे.