स्वाध्यायासाठी माईक घ्यायचा, पण कुठला?



पर्युषण जवळ आले की आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर दोन विषय हमखास निघतात. कोण किती उपवास करणार, आणि ऑनलाइन स्वाध्यायाचा आवाज नीट का येत नाही. पहिल्या विषयात मी काही बोलत नाही, ज्याची त्याची शक्ती. दुसऱ्यावर मात्र माझे ठाम मत आहे. यंदा वर्गणी काढून एक मोठा स्टँडचा माईक घ्यावा असे बऱ्याच जणींच्या मनात आहे, यूट्यूबवर मुलाखती घेणाऱ्यांच्या टेबलावर असतो तसा. माझा त्याला विरोध आहे. का, ते इथे सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न इतर गावच्या मैत्रिणीही विचारतात.

आधी ऐकणाऱ्यांचा विचार करू. लॉकडाऊनमध्ये सुरू झालेला स्वाध्याय आजही फोनवरून कोण ऐकते? ज्यांचे गुडघे बस्तीच्या पायऱ्या चढू देत नाहीत त्या आजी, नातवंडांसाठी पुण्या-बंगळूरला जाऊन राहिलेल्या काकू, आणि पाठशाळेची मुले. वय झाले की कानांतून आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, थ, फ ही अक्षरे त्याच उंच भागात असतात. म्हणून आजी म्हणतात, "आवाज येतो ग, पण शब्द कळत नाहीत." आवाज मोठा करून हे दुखणे जात नाही. व्यंजने स्वच्छ पोहोचली पाहिजेत.

मुलांचे तर याहून अवघड आहे. आजी अर्धे वाक्य ऐकून उरलेले आठवणीने भरून काढतात. पाठशाळेतले सात वर्षांचे मूल ऐकेल तेच शिकणार. 'अरिहंताणं'मधला ण त्याला न ऐकू आला तर ते जन्मभर न म्हणेल. तत्त्वार्थसूत्र संस्कृतात आहे, तिथे श, ष, स वेगळे ऐकू यायलाच हवेत. दहा दिवसांत दहा अध्याय वाचायचे आणि ऐकणाऱ्याला त्यातली निम्मी व्यंजने गाळून मिळायची, हे मला पटत नाही.

आता माईककडे. सगळ्या जाहिराती बाजूला ठेवल्या तरी एक गोष्ट उरते: तोंड आणि माईक यांतले अंतर. अंतर दुप्पट झाले की माईकपर्यंत पोहोचणारी आवाजाची शक्ती एक चतुर्थांश होते. लॅपटॉप दोन फुटांवर असतो. तोच माईक सहा इंचांवर आणला तर सोळापट आवाज मिळतो, तोही एक रुपया न खर्चता. खोलीतला घुमारा, पंखा, रस्त्यावरचा हॉर्न हे मात्र होते तेवढेच राहतात, त्यामुळे बोलणे त्यांच्या वर उठून दिसते. लॅपटॉपच्या आतला माईक वाईट नसतो. तो लांब असतो, इतकेच.

यूट्यूबवर दिसतो तो मोठा माईक बहुतेक वेळा कंडेन्सर जातीचा असतो. त्यात अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक पट्टी असते, दोन्हींवर विद्युतभार असतो. आवाजाने पडदा हलला की दोन्हींतले अंतर बदलते आणि त्याचा संदेश तयार होतो. पडदा इतका हलका की कुजबुजही टिपतो. यूएसबीचा असेल तर तो संगणकाकडूनच वीज घेतो. स्टुडिओतल्या जाड वायरीच्या माईकला वेगळे यंत्र लावून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. (सामायिकाची मिनिटे ४८, भक्तामराची काव्ये ४८ आणि माईकचे व्होल्टही ४८! आमच्या मंडळात हे सांगितले तर माईकच्या बाजूने आणखी दहा मते पडतील. फुकटचे झूम मात्र ४० मिनिटांत बंद पडते, म्हणजे सामायिक पुरे होण्याआधी आठ मिनिटे.)

हा माईक चांगला आहेच. भिंतींना गाद्या लावलेल्या शांत खोलीत भजन रेकॉर्ड करायचे असेल तर मी तोच सुचवीन. पण आपल्या घरांत काय असते? खाली फरशी, भिंती उघड्या, वर पंखा. कंडेन्सर हे सगळे प्रामाणिकपणे ऐकतो आणि पुढे पाठवतो. आपले स्वयंपाकघर सूर्यास्तापूर्वी आवरलेले असते, त्यामुळे रात्रीच्या स्वाध्यायात निदान आपला कुकर तरी शिट्ट्या मारत नाही, शेजारच्यांचा मारतो. बस्तीच्या सभागृहात तर घुमारा इतका की दूर ठेवलेला कंडेन्सर शब्दांपेक्षा भिंतीच जास्त ऐकतो. आणखी एक. या जातीच्या माईकला दमट हवा सोसत नाही, आणि आपल्या स्वाध्यायाचा खरा हंगाम चातुर्मास, म्हणजे ऐन पावसाळा. कोल्हापूर-सांगलीकडच्या श्रावणात घरातले पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे त्या नाजूक पडद्याचे काय!

दुसरी जात डायनॅमिक. पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते, ते लोहचुंबकाजवळ हलते आणि वीज तयार होते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही. सभेत, लग्नात, बस्तीत हातात धरून बोलतात तो जाळीच्या डोक्याचा माईक बहुधा हाच. पडदा जड असल्यामुळे तो लांबचे बारीकसारीक आवाज फारसे टिपत नाही, तोंड जवळ आणले तरच नीट ऐकतो. आपल्याला हेच तर हवे आहे. दमट हवा आणि हातातून पडणे, दोन्ही तो बऱ्यापैकी सोसतो.

बस्तीतून प्रवचन दाखवायचे असेल तर माझे मत डायनॅमिकला. फक्त घेताना बघा: बस्तीतला माईक तसाच लॅपटॉपला लागत नाही. त्याची पिन जाड आणि लॅपटॉपचे भोक बारीक. मधे नुसती पिन बदलणारा तुकडा लावला तर आवाज फार बारीक येतो, कारण या माईकचा संदेश मुळातच कमकुवत असतो. त्याला वाढवणारे छोटे यंत्र मधे लागते, नाहीतर यूएसबी असलेला डायनॅमिक माईकच घ्यावा. सॅमसन क्यूटूयूसारख्या माईकला दोन्ही सोयी असतात, यूएसबी थेट संगणकाला आणि जाड वायर बस्तीच्या ॲम्प्लिफायरला. खर्च करायचाच तर असल्या दुहेरी कामाच्या वस्तूवर करावा.

पण घरून वाचन करणाऱ्या ताईंसाठी मी कंडेन्सरही सांगणार नाही आणि हा डायनॅमिकही नाही. साधा वायरचा हेडसेट घ्या, गालापाशी छोटी दांडी असलेला, कॉल सेंटरमधली मुले लावतात तो. कारण आपल्या वाचनाच्या पद्धतीत आहे. ग्रंथ चौरंगावर असतो. गाथा वाचायला मान खाली जाते, अर्थ सांगायला वर येते, शंका विचारणारीकडे बघायला बाजूला वळते. टेबलावरच्या माईकला दर वेळी वेगळे अंतर मिळते, म्हणून गाथा ऐकू येते आणि अर्थ हरवतो, किंवा उलट. हेडसेटचा माईक डोक्याबरोबर फिरतो. तासभर अंतर तेच. फक्त तो ओठांच्या अगदी समोर आणू नका, कोपऱ्याशी, जरा खाली ठेवा. समोर असला की भ, फ, प म्हणताना फुंकर बसते आणि ऐकणाऱ्याच्या कानात धप्प होते.

"डोक्यावरून पदर घेतल्यावर ते कसे दिसेल?" असे एका काकूंनी विचारले होते. मी म्हटले, काकू, कॅमेरा ग्रंथाकडे वळवा, ऐकणाऱ्यांना तेच बघायचे आहे. तरीही ज्यांना डोक्यावर काही नको वाटते त्यांनी कॉलरचा माईक घ्यावा. बोयाचा बीवाय-एमवन खूप जणांकडे दिसतो, त्याची वायर सहा मीटर लांब असते. पण तो चारी बाजूंचे ऐकतो, आणि पदर किंवा मंगळसूत्र त्याला घासले की खरखर होते. पदर घट्ट पिन करून माईक त्यावरच बाहेरच्या बाजूने लावला तर बरे. या प्रकारात पिनचीही एक गंमत आहे. पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. फोनसाठीच्या पिनवर तीन असतात, जुन्या संगणकाच्या माईकच्या भोकाला दोनवाली लागते. रेघा जुळल्या नाहीत की माईक चांगला असूनही मुका.

ब्लूटूथचे कानातले, कितीही महाग असोत, वाचणारीने वापरू नयेत. ऐकण्यासाठी ते उत्तम. पण त्यांचाच माईक सुरू केला की बहुतेक वेळा जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा वरचा भाग कापला जातो. म्हणजे ज्या स आणि श साठी आपण एवढा खटाटोप करतोय, नेमके तेच जातात. मुलाने वाढदिवसाला दिलेत म्हणून लावायचा मोह होतो, मला समजते.

झूमच्या सेटिंगमध्येही एक गोष्ट आहे. नको ते आवाज गाळण्याची सोय त्यात आपोआप चालू असते. बोलण्यासाठी ती चांगली. पण स्तोत्राचा लांबवलेला सूर किंवा पेटी तिला कधीकधी पंख्याच्या घरघरीसारखी वाटते आणि ती सूरच कापते. भक्तामर म्हणताना गायकांसाठीचा 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय चालू करावा, चर्चेच्या वेळी बंद. आणि सगळ्यांनी एकत्र पाठ म्हणणे ऑनलाइन जमत नाही. प्रत्येकीचा आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि झूम एका वेळी एकीलाच पुढे करते. एकीने म्हणावे, बाकीच्यांनी माईक बंद ठेवून आपापल्या घरी म्हणावे. भाषासमिती मुनींसाठी सांगितली असली तरी म्यूटचे बटण म्हणजे आपल्यासारख्यांसाठी तिचा छोटासा सराव आहे असे मी गमतीने म्हणते.

आता धर्माच्या बाजूने येणारा आक्षेप. आपल्याच काही संप्रदायांत साधू-साध्वी माईक वापरत नाहीत, कारण त्यात अग्निकाय आणि वायुकाय जीवांच्या विराधनेचा प्रश्न येतो. त्या मर्यादेबद्दल मला आदर आहे, आणि आपण गृहस्थ आहोत हे मी विसरत नाही. आपला दिवा, पंखा, फोन सगळे चालूच असते. आपल्यापुढचा प्रश्न परिग्रहाचा आहे. दिगंबर मुनींजवळ पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढेच असते, तिन्ही कशासाठी ते ठरलेले, म्हणून ती उपकरणे. गालाजवळचा हेडसेट काम होण्यापुरता आहे, त्याला उपकरण म्हणायला माझी हरकत नाही. वर्षातून दहा दिवस वापरून उरलेले वर्षभर कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत राहणारा स्टँडचा माईक मात्र मला परिग्रहच वाटतो, त्यावर दात्याचे नाव कोरले तरी.

दानाचेच म्हणाल तर शास्त्रदान, ज्ञानदान हे चार दानांपैकी एक, आणि ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचले तरच झाले. एका चांगल्या कंडेन्सरच्या पैशात दोन-तीन वाचणाऱ्यांना हेडसेट येतील आणि वर बऱ्याच आजींना वायरचे साधे इअरफोन देता येतील. फोनच्या खालच्या छोट्या भोकातून, तेही गादीवर पालथा पडलेल्या फोनमधून आवाज ऐकणाऱ्या आजींना आपण कितीही भारी माईकने वाचले तरी काय मिळणार? हा भाग आमच्या चर्चेत कोणी काढतच नाही. सगळे बोलणे बोलणारीच्या टोकाचे.

खरेदीआधी एक करा. कोणाच्या मुलाकडे, नातवाकडे हेडसेट असेल तो आठवडाभर मागून आणा. तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय एकदा लॅपटॉपच्या माईकवर, एकदा हेडसेटवर वाचा, कुठला कधी ते न सांगता. मग ग्रुपमधल्या सर्वात वयस्कर आजींना आणि पाठशाळेतल्या सर्वात लहान मुलाला ऐकलेले शब्द परत म्हणायला सांगा. आमच्याकडे ही चाचणी येत्या रविवारी दुपारी चारला आहे, वर्गणीचा निर्णय त्यानंतरच.