रिकामे क्वार्टर, जिवाचा निवारा

मनाविरुद्धच्या लग्नामुळे घरचेच जिवावर उठले, तर जोडप्याने पहिली रात्र काढायची कुठे? सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात अशांसाठी प्रत्येक जिल्ह्यात सुरक्षित निवाऱ्याचा विचार करा, असे राज्यांना सांगितले. महाराष्ट्राच्या गृह विभागाचे परिपत्रक निघाले डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास पावणेसात वर्षांनी! शासकीय विश्रामगृहात खोली राखावी, ती नसेल तर रिकामे शासकीय निवासस्थान द्यावे, असे त्यात आहे.

नंदुरबारसारख्या डोंगराळ जिल्ह्यात खरी कसोटी या दुसऱ्या पर्यायाची. वर्षानुवर्षे बंद क्वार्टरची कडी मोडलेली, नळ कोरडा, वायर लोंबकळलेली. तिथे दाराशी पोलीस बसवला तरी घाबरलेल्या मुलीचा डोळा लागणार नाही. शिवाय धडगाव किंवा अक्कलकुव्यात ओसाड घरात दिवा लागला, की सकाळी गावभर होते. मग गुप्तता कसली? त्यापेक्षा जोडप्याला त्याच्या तालुक्याबाहेर, पोलीस वसाहतीतल्या नांदत्या इमारतीत ठेवावे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी सार्वजनिक बांधकाम विभागाकडून अशा खोल्या आत्ताच दुरुस्त करून घ्याव्यात. जोडपे दाराशी आल्यावर निविदा काढायला वेळ नसतो.