जोक कॉमेडियनचा, तोडफोड हॉलची: स्टँडअपच्या वादात किंमत कोण मोजतं?

23 मार्च 2025, रविवारची रात्र. मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ स्टुडिओत एका कॉमेडियनचा शो रंगला होता. तेवढ्यात शिंदेंच्या शिवसेनेचे कार्यकर्ते आत घुसले. शो बंद पडला, खुर्च्या उडाल्या, सामान फुटलं.

राग होता कुणाल कामरावर आणि तो तिथे नव्हताच. त्याचा शो आधी कधीतरी याच स्टुडिओत रेकॉर्ड झाला होता. त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि त्यातल्या एका विडंबनगीतावरून भडका उडाला. गाण्यात नाव नव्हतं, पण रोख उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदेंवर असल्याचं सगळ्यांनी ओळखलं. म्हणजे जोक एकाचा आणि त्या रात्री शो मोडला दुसऱ्याचाच. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांचा तर यात काहीच संबंध नव्हता.

पुढे काय झालं?

कामरावर गुन्हा दाखल झाला. तोडफोड प्रकरणात 12 जणांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. 24 मार्चला महापालिकेचं पथक हातोडे घेऊन स्टुडिओच्या आवारात पोहोचलं. कारण दिलं गेलं अनधिकृत बांधकामाचं. कलाकारांच्या मतांसाठी दरवेळी आपल्यालाच जबाबदार धरलं जातं, असं म्हणत ‘हॅबिटॅट’ने दरवाजे बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तोडफोडीचं समर्थन करत नाही, पण क्रियेला प्रतिक्रिया येते, अशी भूमिका शिंदेंनी मांडली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी कामराने माफी मागावी असं म्हटलं. कामराने माफी मागायला नकार दिला.

25 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने कामराला अटक करू नये, असा आदेश दिला. तपास मात्र सुरू ठेवायला परवानगी दिली. थोडक्यात, कॉमेडियनला कोर्टात संरक्षण मिळालं. हॉलचं काय?

हॉल एवढा महत्त्वाचा का?

कारण स्टँडअप तिथेच घडतं. यूट्यूबवरचा तासाभराचा शो एका दिवसात लिहून होत नाही. नवा जोक आधी ओपन माइकला, पन्नास-साठ लोकांसमोर टाकून बघतात. हशा आला तर ठेवायचा, नाही आला तर काढायचा. त्यासाठी छोटी, परवडणारी जागा लागते. ‘हॅबिटॅट’ ही मुंबईतली तशीच जागा होती.

आणि ही जागा सगळ्यात सोपं लक्ष्य असते. कॉमेडियन आज या शहरात, उद्या त्या. हॉलचा पत्ता बदलत नाही. त्याचं भाडं, परवाने, शेजारी, पोलीस स्टेशन सगळं तिथल्या तिथेच. एकदा खुर्च्या फुटल्या की पुढच्या वेळी मालक आधी विचारतो, ‘राजकारणावर काही नाही ना?’ ही सेन्सॉरशिप कुठल्याच कागदावर दिसत नाही.

हे फक्त मुंबईचं प्रकरण आहे का?

नाही. त्याच वर्षी 2 फेब्रुवारीला सोलापुरात प्रणित मोरेचा शो झाला. शोनंतर चाहते असल्याचं भासवून आलेल्या टोळक्याने त्याला मारहाण केली, असं त्याच्या टीमने इन्स्टाग्रामवर सांगितलं. कारण होतं अभिनेता वीर पहारियावरचे जोक. वीरने आपला याच्याशी संबंध नसल्याचं सांगत निषेध केला.

मुंबई-पुण्यात एक हॉल बंद झाला तर दुसरा शोधता येतो. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या ठिकाणी स्टँडअप म्हणजे मोबाइलवरचं रील. तिथल्या पोरांना हे प्रत्यक्ष बघायचं तर जवळचं मोठं शहर गाठावं लागतं. अशा शहरांतले आयोजक घाबरले की तोही रस्ता बंद. आणि याच मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांडेंनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने 52 पात्रं उभी करून महाराष्ट्राला हसवलं. एकट्याने स्टेज गाजवणं इथल्या मातीला नवीन नाही.

कायदा काय सांगतो?

अभिव्यक्ती स्वातंत्र्य अमर्याद नाही. बदनामी, सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांवरून कलम 19(2) खाली वाजवी बंधनं घालता येतात. ज्याला जोक बदनामीकारक वाटला त्याने कोर्टात जावं, तो त्याचा हक्क आहे.

पण ‘लोक भडकतील’ हे कार्यक्रम बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही. 1989 च्या एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं होतं. हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबणं म्हणजे कायद्याने गुंडगिरीला शरण जाणं. 2019 मध्ये एक उपहासात्मक बंगाली सिनेमा थिएटरमधून उतरवल्याबद्दल याच न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला 20 लाखांचा दंड ठोठावला. दंडाची रक्कम निर्माते आणि थिएटरमालकांना द्यायची होती. म्हणजे जागा देणाऱ्याचंही नुकसान होतं, हे न्यायालयाने मान्य केलं.

28 मार्च 2025 ला, खारच्या तोडफोडीनंतर पाचच दिवसांनी, इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली आणि त्या गुन्ह्याची शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातली असेल, तर थेट गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करणं योग्य. आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेतून, कायम असुरक्षित वाटणाऱ्याच्या नाही.

मग मुद्दा काय?

कामराचा जोक आवडला की नाही, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं. ते होऊ दे, कॉमेडी त्यासाठीच असते. पण जोक खटकला तर प्रेक्षक उठून जाऊ शकतो, सोशल मीडियावर धुऊ शकतो, केस टाकू शकतो. हे सगळे मार्ग कॉमेडियनपर्यंत पोहोचतात. खुर्ची फोडली की ती हॉलवाल्याला लागते, आणि त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक नव्या पोराला, ज्याने अजून पहिला जोकही मारलेला नाही.