कूपमंडूक कोणास म्हणावें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज परदेशीं आहेत. मागें राहिलेल्या वडील मंडळींस कधीं कधीं असें वाटतें कीं, आपण जन्मभर एका गांवांत राहिलों, आपण जग तें काय पाहिलें? कूपमंडूकन्याय त्यांस टोंचत असतो. विहिरींतील बेडकास समुद्र ठाऊक नसतो, हें खरें. पण त्यानें आपली विहीर तरी नीट पाहिली आहे काय, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. या संबंधांत सेलबर्न या इंग्लंडांतील खेड्याचा वृत्तांत मननीय आहे.

हँपशायर परगण्यांतील हें लहानसें खेडें. पाठीशीं खडूची टेकडी, तिच्या उतारावर बीच वृक्षांचें रान, आणि खालीं सेंट मेरीचें जुनें प्रार्थनामंदिर. अशा मंदिराच्या उपाध्यायाकडे सोंपविलेल्या टापूस तिकडे ‘पॅरिश’ म्हणतात. येथील उपाध्यायाच्या घरीं, म्हणजे आपल्या आजोबांच्या घरीं, गिल्बर्ट व्हाईट १७२० सालीं जन्मला. ऑक्सफर्डास ओरिएल कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें. सेलबर्नची मुख्य वृत्ति दुसऱ्या कॉलेजाच्या हातीं असल्यामुळें ती त्यास मिळण्यासारखी नव्हती. मदतनीस उपाध्याय म्हणूनच त्यानें तेथें काम केलें.

परंतु त्या टापूंत त्यानें काय पाहिलें नाहीं? दिसण्यांत सारख्या अशा तीन लहान पक्ष्यांच्या जाति त्यानें आवाजावरून निरनिराळ्या ओळखल्या. धान्याच्या ताटांवर घरटें बांधणारा चिमुकला उंदीर तेथील विद्वानांच्या नजरेस त्यानेंच आणिला. गांडुळें नाहींशीं झालीं तर जमीन निःसत्त्व होईल, असें त्यानें लिहिलें. डार्विनचा गांडुळांवरील ग्रंथ त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, १८८१ त, निघाला. १७८३ च्या उन्हाळ्यांत पसरलेलें चमत्कारिक धुकें व त्यांतून दिसणारा लाल सूर्य यांचें वर्णन त्यानें करून ठेविलें. तें धुकें आइसलंडांतील लाकी ज्वालामुखीचें होतें, हें आज आपणांस माहीत आहे. समुद्रच विहिरीपर्यंत चालत आला होता!

त्याच्या सत्यनिष्ठेचें एक उदाहरण सांगतों. हिवाळ्यांत पाकोळ्या दूर देशीं जातात, कीं बिळांत झोंपून राहतात, हा त्या काळीं वाद होता. कांहीं तरी येथेंच दडून राहत असाव्यात, हा ग्रह त्याच्या मनांतून अखेरपर्यंत गेला नाहीं. तथापि त्यास स्वतःस एकही झोंपलेली पाकोळी आढळली नाहीं, आणि आढळली असें त्यानें लिहिलेंहि नाहीं.

दोन विद्वान् स्नेह्यांस लिहिलेलीं हीं पत्रें १७८९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं व अजूनहि लोक तीं वाचतात. १७९३ त तो वारला. त्याच्या साध्या शिळेवर नांवाचीं दोन आद्याक्षरें व तारीख एवढेंच कोरलेलें आहे. मंदिराच्या आवारांतील यू वृक्षाचा घेर त्यानें २३ फूट म्हणून नोंदविला होता. तो वृक्ष १९९० च्या जानेवारींतील वादळांत उन्मळून पडला. पुन्हा उभा केला, पण जगला नाहीं. आतां तो त्या नोंदींतच पाहावयाचा.

म्हणून आमची सूचना इतकीच. घरांत एक कोरी वही असावी. दारचा आंबा केव्हां मोहोरला, पहिला पाऊस कोणत्या तिथीस पडला, विहिरीचें पाणी केव्हां आटलें, हें वडिलांनीं लिहावें, व सुटींत आलेल्या नातवंडांकडून लिहवावें. जें पाहिलें तेंच लिहावें. न पाहिलेलें लिहूं नये.