लैंगिक खेळणी: लाज बाजूला ठेवा, निरोध वापरा

मोबाइलवर मागवलेले पार्सल आता शेलूबाजारसारख्या गावातही पोहोचते. त्यात कधी 'मसाजर' या नावाखाली लैंगिक खेळणेही असते. ते वापरावे की नाही, हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न. पण ते सुरक्षित कसे वापरावे, हे कोणी सांगत नाही. खरा धोका तिथेच आहे.

धोका कसा? खेळण्यावर राहिलेल्या स्रावातून क्लॅमिडिया, एचपीव्हीसारखा संसर्ग जोडीदाराला होऊ शकतो. म्हणून खेळण्यावर निरोध चढवावा. दुसऱ्याने वापरण्याआधी, तसेच गुदद्वारानंतर योनीत वापरण्याआधी निरोध बदलावा.

काय टाळावे? लॅटेक्सच्या निरोधाला खोबरेल तेल, व्हॅसलीन लावू नये; तो कमकुवत होऊन फाटतो. औषध दुकानातील वॉटर-बेस्ड जेल वापरावे. निरोध वापरला तरी खेळणे नंतर साबणाने धुवावेच.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयांवर उघडपणे लिहिले. शंभर वर्षे होत आली, तरी आपण निरोध मागताना दुकानातली गर्दी कमी व्हायची वाट पाहतो. या संकोचाची किंमत आरोग्याने का मोजायची? एचआयव्ही किंवा गुप्तरोगाबद्दल शंका असेल, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.